मधला बाक

"वहिनी, तिकडं सावलीत बसा. ही फायबरची धूळ अंगाला लागली तर रात्रभर खाजवत बसाल," देरामान म्हणाला आणि त्यानं ग्राइंडर बंद केला.

सेनाह हलली नाही. मामातची होडी माडांखाली ठोकळ्यांवर उभी होती. बाहेरून ठणठणीत, पण तळाला आधार देणाऱ्या, फायबरमध्ये मढवलेल्या तुळया वरून कापल्या, तर आत लाकडाऐवजी काळा, ओला चिखल. देरामाननं तो मुठीनं बाहेर काढला. त्याचा भाऊ, सेनाहचा नवरा मामात, वारून वर्ष झालं होतं, आणि वादळी मोसम सरला की वहिनी याच होडीतून खेकड्यांची जाळी टाकायला एकटी जाणार होती. सारं मारांग गाव तिला वेड्यात काढत होतं, मनातून देरामानसुद्धा.

"कुजायला लागलं कुठून?" तिनं विचारलं.

ते त्याला केव्हाच दिसलं होतं. मधल्या बाकाच्या स्क्रूंपासून. पेट्रोलच्या वासानं बायकोला मळमळतं म्हणून मामातनं इंजिनापासून लांब, थेट तुळयांवर तो बाक बसवला होता. भोकांत रेझिन भरायचं राहिलं आणि पाणी तिथूनच झिरपत गेलं. एवढा हुशार माणूस, पण बायकोचं काही करायचं म्हटलं की त्याला भारी घाई.

"होडीच जुनी झाली होती," देरामान म्हणाला.

"भावजी, तुम्हाला खोटं बोलणं कधी जमलंच नाही. बाकामुळंच ना?"

तो उगाच ग्राइंडरची वायर गुंडाळू लागला. तिनं वाकून एका भोकात बोट घातलं.

"वेडा होता तुमचा भाऊ," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरलं नाही. देरामानलाही.

पुढं नवं लाकूड बसलं, वर फायबर चढलं.

"बाक पुन्हा लावतो. या वेळी भोकं नीट बुजवून."

"नको. मला आता मागं बसायचंय, इंजिनापाशी."

"आणि मळमळलं तर?"

"एवढा समुद्र पडलाय की ओकायला!"

मोसम सरल्यावर ती एकटीच निघाली. देरामान धक्क्यावर उभा राहिला. नदीच्या मुखाशी होडीचा वेग मंदावला. सेनाह होडीच्या काठावरून खाली वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं डोक्यावरच्या ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं आणि इंजिनाचा आवाज वाढला.