श्रीपतीच्या बोटावरची पट्टी

“मूठ आवळा, आबा,” श्रेया म्हणाली.

“आवळलीच हाय की,” श्रीपती म्हणाला.

उजवा हात कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा मांडीवर पडून होता. अंगावरून वारं गेलं त्याला आठ महिने झाले होते. पणदऱ्यात चाळीस वर्षं धारा काढलेला हात. त्या हाताखेरीज हरणी म्हैस पान्हा सोडत नसे. मुलाने, युवराजने, मशीन लावून पाहिलं. हरणीने लाथ मारून आपलं मत नोंदवलं. म्हणून उद्या तिला न्यायला व्यापारी येणार होता.

नात श्रेया बारामतीला इंजिनिअरिंग शिकत होती. आजीच्या, शकुबाईच्या, रेशीमकिड्यांच्या शेडमधले भोकं पडलेले कोष तिने विरघळवले, त्यात ग्लिसरीन आणि मीठ घातलं आणि सायीसारखी पातळ पट्टी करून आजोबांच्या बोटावर चिकटवली. बोट केसभर हललं तरी पट्टी ताणली जाते, मोबाईलवर रेघ उठते. डोळ्यांना दिसत नाही ते पट्टीला कळतं.

“किड्याच्या लाळंला कळतंय?” शकुबाई म्हणाली. “बारा वर्सं पाला घातला मी. मला कवा बोलले न्हाईत.”

रेघ सपाट होती.

“बघा,” युवराज म्हणाला. “उगं आशा लावू नगा आबास्नी.”

“हवेत धार काढत्यात व्हय रं?” श्रीपती म्हणाला. “मला म्हशीपाशी न्या.”

नेला. शकुबाईने त्याचा हात उचलून हरणीच्या सडाला लावला. बोटं जागची हलली नाहीत.

रेघ मात्र उठली. खाली आली. पुन्हा उठली. पुन्हा. चाळीस वर्षं गोठ्यात ऐकू आलेला तोच ठेका आता मोबाईलच्या काचेवर दिसत होता. शकुबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. घरात वडीलधारं माणूस आल्यावर करते, तसा.

श्रीपतीने डाव्या हाताने उजवा उचलून हरणीच्या तोंडापुढे धरला. कौतुकाने. हरणीने मिठाचा वास घेतला आणि पट्टी चाटून गिळून टाकली.

“आबा, माझा प्रोजेक्ट!”

रेघ मेली. युवराज बाहेर जाऊन व्यापाऱ्याशी फोनवर बोलला, “उद्या येऊ नगा. म्हस कामात हाय.”

आता हात हलतोय की नाही, सांगायला काहीच उरलं नव्हतं. श्रीपतीने तो पुन्हा सडाला लावून घेतला. शकुबाई चरवी घेऊन आली आणि त्या हाताखाली धरून बसली.