सहावा प्रश्न

खैरखेड्यात सदाशिवरावांच्या घरचा चहा असा गोड, की तो पिऊन निघालेल्या माणसामागं मुंगळ्यांची रांग लागे. एकदा ती रांग पाहुण्याच्या मागोमाग दिग्रसच्या एसटीत चढली, तेव्हा कंडक्टरनं विचारलं, एवढ्या जणांचं तिकीट कोण काढणार? ज्याला खोटं वाटत असेल त्यानं कंडक्टरला विचारावं. तो आता रिटायर झाला आहे आणि शुगरच्या गोळ्या खातो.

चहा एक होता, पण भांडी तीन प्रकारची. घरातली माणसं स्टीलच्या पेल्यातून पीत. पाहुण्यांना शोकेसमधले काचेचे कप, बशीसकट. आणि ओसरीच्या खांबाला एक खिळा होता, त्या खिळ्याला चिनी मातीचा एक पांढरा कप टांगलेला असे, त्यावर लाल गुलाब. तो कप एकाच माणसाचा. गावात सगळे त्याला प्रियंकाचा कप म्हणत.

प्रियंका ही नलूची पोरगी. नलूचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्धपुऱ्यात. पूर्वी ती सदाशिवरावांच्या वावरात कामाला यायची आणि पोरीला ओसरीवर सोडून जायची. सदाशिवरावांच्या पत्नी विजयमालाबाईंना मुलगाच होता. लेकीची हौस त्यांनी या पोरीवर भागवली. वेणी घातली, बाराखडी गिरवून घेतली, गुलाबाच्या कपात टोस्ट बुडवून भरवला. चहा झाला की प्रियंका स्वतः कप विसळून खिळ्याला अडकवायची. चौथीत असताना ‘माझी आवडती वस्तू’ या निबंधात तिनं या कपाबद्दल लिहिलं, की काकूंच्या घरी कोणाचाही स्वतःचा कप नाही, फक्त माझा आहे. गुरुजींनी निबंध वर्गात वाचून दाखवला. अर्धा वर्ग हसला आणि अर्धा गप्प झाला. पोरं जळतात, असं समजून ती उड्या मारत घरी आली.

तीच प्रियंका यवतमाळला समाजकार्य शिकली आणि नागपूरच्या एका संस्थेत लागली. पहिलं काम आपल्याच गावात मिळालं. कापूस वेचणाऱ्या बायांना लघवीचे आजार एवढे का होतात, हे शोधायचं होतं. तिची आईच या आजारानं तीनदा यवतमाळच्या दवाखान्यात जाऊन आली होती, म्हणून हे काम तिला नुसत्या नोकरीसारखं वाटेना.

आधी एका डॉक्टरांनी छापील फॉर्म भरून घेतला होता. दिवसभरात पुरेसे पाणी पिता का? हो, हो, हो. त्या उत्तरांची बेरीज केली असती तर अरुणावतीचं धरण दिवाळीआधीच कोरडं पडलं असतं. दुसरा प्रश्न, गावात जातिभेद पाळला जातो का? चाळीस घरांत चाळीस वेळा नाही. असं निर्मळ गाव पाहायला परदेशातून विमानं कशी आली नाहीत, याचंच नवल.

अर्पिता मॅडम या तिच्या वरिष्ठ. त्यांनी तिला नवी वही करायला बसवलं. अशा वहीला मुलाखत मार्गदर्शिका म्हणतात. प्रश्न थोडेच ठरवायचे, बाकी समोरचा माणूस नेईल तिकडं त्याच्या मागं जायचं, पण आपण कशासाठी आलो ते विसरायचं नाही. मत विचारायचं नाही, घडलेलं विचारायचं. प्रियंकानं तीन दिवस खोडाखोड करून दहा प्रश्न बसवले. सहावा असा:

‘मागच्या खेपेला बाया वेचायला आल्या, त्या दिवशी त्यांना तहान लागली तेव्हा काय काय झालं, ते सुरुवातीपासून सांगा.’

त्याखाली बारीक अक्षरात खुणा: ‘भांडं कोणतं? कोणी ओतलं? नंतर ते कुठं ठेवलं? बदल कधी झाला?’ आणि त्याहून बारीक अक्षरात: ‘उत्तर थांबलं तर बोलू नका. मनात दहा मोजा.’

प्रश्न नीट चालतात का हे पाहायला आधी दोन मुलाखती घ्यायच्या होत्या, एक बौद्धपुऱ्यात आणि एक शेतकऱ्यांच्या गल्लीत. या मोजणीत धरायच्या नव्हत्या. पहिली तिनं आईची घेतली. फॉर्मवर ‘हो’ म्हणणारी नलू सहाव्या प्रश्नावर बोलती झाली.

“वरून वततात, आपण वंजळ धरायची. अर्धं पाणी कोपरातून लुगड्यात जाते. चारचौघीत वल्लं लुगडं घेऊन कोन फिरन? त्याच्यापेक्षा तहान मारलेली बरी. सकाऊन घरून एक गिलास पिऊन जातो, मंग एकदम दिवस बुडाल्यावर.”

तीन वेळच्या दवाखान्याचं कारण एका दमात बाहेर पडलं. प्रियंकानं पुढची खूण वाचली, की भांडं नंतर कुठं ठेवतात. नलू म्हणाली, मले काय माहीत, आणि भाकर करपते म्हणून उठली. चूल तेव्हा पेटलेलीही नव्हती.

दुसऱ्या मुलाखतीसाठी प्रियंकानं काकूंचं घर निवडलं. बाकीच्या गल्लीत काय चालतं हे तिला ठाऊक होतं. काकूंच्या घरी तसलं काही नाही, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. स्वच्छ घरात प्रश्न कसा वाजतो ते पाहावं, असा तिचा हिशेब. शिवाय सदाशिवराव माणूस भला. दर चौदा एप्रिलला बौद्धपुऱ्यात येऊन समतेवर भाषण करत. माईक बंद पडला तरी त्यांचं भाषण थेट वणीच्या खाणीत ऐकू जाई, असं म्हणतात. त्यांनीच गल्लीत शब्द टाकला होता, की आपली पोरगी आहे, वीस घरांनी तिला वेळ द्या.

विजयमालाबाई ठेवणीतलं पातळ नेसून बसल्या. प्रियंकानं नियमाप्रमाणं सांगितलं, की तुमचं नाव कुठं येणार नाही, आणि पुढं कधीही वाटलं तर तुमचं बोलणं पुसून टाकायला सांगा, मी कारण विचारणार नाही. बाई हसल्या. पोट्टी किती मोठी झाली, म्हणाल्या, आणि खिळ्यावरचा कप काढून तिला चहा दिला. मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू झालं.

पाच प्रश्न हसतखेळत गेले. सहाव्याला बाईंनी सांगितलं, की पाणी द्यायला आमचा गडी शाम असतो, तोच ओततो, आम्ही काही कमी पडू देत नाही. भांडं नंतर कुठं ठेवता?

“आमच्या सासूबाई भारी कडक होत्या बापा. घरी आल्या तं बायायचे गिलास येगळे. गोठ्याच्या कोनाड्यात.”

बाई थांबल्या. प्रियंकानं मोजायला सुरुवात केली. गप्प माणसासमोर बसणं चांगल्या माणसाला फार जड जातं, आणि विजयमालाबाई तर गावातल्या सगळ्यांत चांगल्या बाई होत्या. आठावर त्यांनाच राहवेना.

“म्या तरी लई सांभाळून घेतलं. एक लहान लेकरू यायचं ओसरीत. म्या म्हटलं, याले कोनाड्यातला गिलास देल्ला तर वाईट वाटन. म्हणून दिग्रसहून चांगला गुलाबाचा कप आणला, इथं खिळा ठोकला. सासूबाईचं बी राह्यलं अन् लेकराले बी कळलं नाई. हासत हासत प्यायचं.”

हे त्या कौतुकानं सांगत होत्या, मोबाईलकडं पाहून, जणू ते लेकरू दुसऱ्याच कोणाचं होतं. मग त्यांनी वर पाहिलं. कप प्रियंकाच्या हातात होता.

प्रियंकानं वहीत पाहिलं. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, की बदल कधी झाला तेही विचारा. तिनं विचारलं.

“आणि सासूबाई गेल्यानंतर, काकू?”

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली होती. प्रियंकानं दहा मोजले. मग वीस. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तिसाला प्रियंकानं पान उलटलं आणि उरलेले चार प्रश्न क्रमानं विचारले, एकही न गाळता. आभार मानले. कप तसाच भरलेला ओसरीवर ठेवून ती निघाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो विसळला नाही. मुंगळे आले. त्यांनी कोणाचा कप आहे हे काही विचारलं नाही.

घरी नलू तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. प्रियंकानं उभ्यानंच विचारलं.

“आई, त्या कपाचं तुले माहीत होतं?”

नलूचे हात थांबले नाहीत.

“तू तो कप धून ठेवत होती ना?”

“हो. घरची म्हणून.”

“घरच्याचा कप तठी कोन धुते?”

घरच्यांचे पेले कामवाली नंदाबाई धुवायची. पाहुण्यांचे कपही तीच धुवायची. गुलाबाच्या कपाला मात्र नंदाबाईनं कधी हात लावला नव्हता. रोज डोळ्यांसमोर होतं, आणि माणसांना प्रश्न कसे विचारायचे हे शिकून आलेल्या पोरीला हा एक प्रश्न कधी सुचला नव्हता.

“मले काहून नाई सांगितलं?”

“तू अशी उड्या मारत यायची,” नलू म्हणाली. “माहा कप, माहा कप. साऱ्या पुऱ्यात सांगत फिरायची. कोन्या तोंडानं सांगू तुले? म्या म्हटलं, शिकन, मोठी होईन, तवा आपोआप समजन. तुले समजलंच नाई. मंग माही हिंमत नाई झाली.”

प्रियंका मागच्या दारी जाऊन बसली. काकूंनी फसवलं होतं ते मायेनं, आईनं फसवलं ते मायेनं. शिव्या देणारा माणूस समोर असता तर तिला भांडता आलं असतं. इथं भांडायला कोणी वाईट माणूसच सापडेना. निबंधाला हसलेला अर्धा वर्ग आठवला, आणि गप्प झालेला अर्धा. गप्प झालेली पोरं बौद्धपुऱ्यातली होती, हे तिला आत्ता दिसलं.

अर्पिता मॅडमचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं. त्यांनीही दहा मोजले असावेत. मग त्यांनी एवढंच विचारलं, की प्रश्न चालतो का नाही हे पाहायला तू गेली होतीस, चालला का? चालला, प्रियंका म्हणाली. तो ठेवायचा की काढायचा हे तूच ठरव, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

सकाळीच सदाशिवरावांचा निरोप आला. प्रियंका गेली तेव्हा ते ओसरीत खुर्चीवर होते, विजयमालाबाई दाराशी. डोळे सुजलेले. कप खिळ्यावर परत गेला होता. खालचे मुंगळे पुसलेले.

सदाशिवरावांनी आवाज चढवला नाही. नऊ प्रश्न चांगले आहेत, म्हणाले, सहावा तेवढा काढ. लोकांच्या घरातली भांडी कशाला मोजायची? आपलं गाव शांत आहे. सहावा राहिला तर एकही घर मुलाखतीला बसणार नाही, वीसच्या वीस दारं बंद होतील, मग तुझ्या नव्या नोकरीचं तूच पाहा. आपण धमकी देत नाही, असं त्यांना खरंच वाटत होतं.

“अन् काल म्या जे बोलली ते पुसून टाक,” विजयमालाबाई म्हणाल्या. “म्या तुले लेकीवानी वाढवलं, प्रियंका.”

प्रियंकानं मोबाईल काढला. कारण विचारणार नाही असा शब्द तिनं दिला होता. आपल्याला दिलेला शब्द कोणी कसा पाळला, यावर आपला शब्द अवलंबून ठेवायचा नाही, हे तिनं मागच्या दारी बसून ठरवलं होतं. ती काकूंच्या शेजारी जाऊन उभी राहिली, रेकॉर्डिंग त्यांना दाखवलं आणि त्यांच्या देखत पुसलं. विजयमालाबाईंनी मोठा श्वास सोडला.

“उत्तर तुमचं होतं, काकू, ते गेलं,” प्रियंका म्हणाली. “प्रश्न माझा आहे. तो राहील.”

सदाशिवराव उठून आत गेले. एवढं मोठं भाषण करणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज ओसरीच्या पायरीपर्यंतही पोचला नाही. विजयमालाबाईंनी खिळ्यावरून कप काढला, पदरानं पुसला आणि पुढं केला. घेऊन जा, म्हणाल्या, तुहाच आहे.

“राहू द्या,” प्रियंका म्हणाली. “उद्याचा चहा तुम्ही यात पिऊन पाहा.”

कप धरलेला हात तसाच राहिला. ना पुढं, ना मागं. प्रियंका पायऱ्या उतरली.

गल्लीतल्या पहिल्या घरी बाईंचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या दाराची कडी वाजवली तेव्हा आतून घरधन्याचाच आवाज आला, की घरी कोणी नाही. एरवी प्रियंका हसली असती. तिसरं घर सुखीबाईंचं, पंचाहत्तरीची विधवा म्हातारी, एकटीच राहणारी. त्यांनी दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. उंबऱ्याच्या अलीकडं त्या बसल्या, पलीकडं पायरीवर प्रियंका.

पहिले पाच प्रश्न झाले. प्रियंकानं सहावा विचारला, वहीत होता तसा, एक शब्द न बदलता. सुखीबाई म्हणाल्या, आमच्याकडं तसलं काही नसते बापा.

प्रियंका मनात मोजू लागली. एक. दोन. तीन. रस्त्यावरून कापसाची एक बैलगाडी गेली. चार. पाच. सहा.

सातावर सुखीबाईंनी मान वळवली आणि न्हाणीच्या भिंतीतल्या कोनाड्याकडं पाहिलं.