पायाळूच्या तीन लाथा

दानम्मा पायाळू होती. आईच्या पोटातून डोक्याआधी तिचे पाय बाहेर आले होते, आणि अशा माणसाची लाथ बसली की कमरेत भरलेली उसण निघते, हे वळसंगपासून सोलापूरपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाच वर्षांची असल्यापासून ती लोकांच्या पाठीत लाथा घालत आली होती. आजीनं रीत शिकवली होती. माणसाला उंबऱ्यावर पालथं झोपवायचं, कुठं दुखतंय ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि जिथं दुखणं तिथंच डाव्या पायाच्या तीन लाथा घालायच्या. दोन नाही, चार नाही, तीन. पैसा घ्यायचा नाही, एक सुपारी घ्यायची.

सोलापुरात बाळी वेशीतल्या तिच्या सासरच्या बोळातल्या निम्म्या हमालांच्या पाठी तिच्या टाचेखालून गेल्या होत्या. एकच राहिली होती, तिच्या नवऱ्याची. बायकोनं नवऱ्याच्या पाठीला पाय लावायचा? शिव शिव! सासू नागव्वा म्हणायची, तसलं पाप सात जन्म फिटायचं नाही. त्या पाठीपायी नवऱ्यानं दानम्माचे जे हाल चालवले होते, ते मात्र कुठल्याच पापात बसत नव्हते!

नवरा रेवणसिद्ध. भुसार बाजारातला हमाल, शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन शीळ घालत जिना चढणारा गडी. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. घराहून उंच काठ्या त्या, कमरेच्या पट्ट्यात बूड टेकवून तोलत चालायचं. त्यातली एक रेवणसिद्धही धरायचा. त्र्याहत्तर साली, ऐन दुष्काळातल्या संक्रांतीला, वारा सुटला आणि काठी झुकली. बाकीचे धावून येईस्तोवर यानं ती एकट्यानं पेलली. काठी पडू दिली नाही, पण त्याचा मणका सरकला.

मिरजेला नेला. खुब्याच्या हाडाचा तुकडा काढून मणक्यात बसवला, काखेपासून मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. प्लास्टर निघालं तरी वर्षभर जपायचं होतं, तांब्या उचलायचा नव्हता. पण पुढच्या संक्रांतीला बाराबंदी घातलेले भाऊबंद ‘हर्र बोला हर्र’ करत दारावरून गेले आणि याला राहवलं नाही. आईला सांगितलं नाही, बायकोला विचारलं नाही, गेला आणि काठी कमरेला लावली. जुळत आलेलं हाड तिथंच निखळलं. मग पुन्हा मिरज, दुसऱ्या खुब्याचं हाड, पुन्हा प्लास्टर. या खेपेला हाड जुळलं. डॉक्टरांनी काळा फोटो उजेडात धरून दाखवला. म्हणाले, “झकास जुळलंय. आता दुखायचं कारण नाही.” दानम्माला बाजूला घेऊन मात्र बजावलं, “पाठ कुणाला तुडवू देऊ नका. तिथं दणका बसला तर दोन्ही पाय जातील.”

कारण नव्हतं, तरी दुखत होतं. कमरेतून निघालेली आग डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. शिंक आली की तो खाटेची कड धरून ओरडायचा. तीन वर्षं हे चाललं होतं. बोळातले लोक म्हणायचे, सोंग हाय, काम नको म्हणून. रेवणसिद्ध रोज सकाळी तो काळा फोटो उन्हात धरायचा आणि दुखणारी जागा शोधायचा. फोटोत काही म्हणजे काही दिसत नसे.

त्याचं दुखणं खरं आहे हे साऱ्या सोलापुरात एकट्या दानम्माला पटलेलं होतं, कारण ते रोज तिच्या अंगावर उतरायचं. बऱ्या दिवशी नुसती थप्पड. वाईट दिवशी मिरजेहून आणलेला चामडी कंबरपट्टा, आत दोन पोलादी पट्ट्या असलेला. तो पाठ सावरायला दिला होता, आणि हा त्याच पट्ट्यानं बायकोला फोडायचा! तिला त्याची कीव यायची, आणि कीव आली की स्वतःचाच संताप यायचा.

गेल्या साली त्या पट्ट्याचा फटका पोटावर बसला आणि पाचव्या महिन्यातलं मूल गेलं. नागव्वानं ते जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून पदराआड नेलं आणि परत आल्यावर एवढंच म्हणाली, “पाय घसरून पडली म्हणून सांग.” दानम्मानं तसंच सांगितलं.

आता पुन्हा तिसरा महिना होता. तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. एवढं पोट वाचवायचं, दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं. वळसंगला आईकडं जाऊन येते म्हटलं की रेवणसिद्ध विचारायचा, “आन माझी पाट कोन शेकनार, तुझा बाप?”

भोगीचा दिवस उजाडला. दानम्मा चुलीपुढं तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या थापत होती, नागव्वा भाजी निवडत होती. खाटेवरून रेवणसिद्ध ओरडला, “वीट तापली का न्हाय?”

“एवडी भाकरी उतरवती आन आनती.”

“भाकरी! माझा जीव चाललाय हितं आन हिला भाकरी सुचतीया!”

तो भिंत धरून उठला. पट्टा त्यानं उजव्या मुठीला गुंडाळूनच ठेवला होता. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसऱ्यात पोलादाची कड कानाला लागली, कानाची पाळी फाटली आणि रक्त परातीतल्या पिठात पडलं. तिसरा येताना दिसला तशी ती पोट मिठीत घेऊन खाली बसली आणि नको ते तोंडातून निघून गेलं.

“पोटाला न्हाय! पोटाला मारू नगा!”

नागव्वाचे हात थांबले. रेवणसिद्धही थांबला. त्याला कळलं. कळलेलं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि दानम्माला वाटलं, सुटली बाई. तेवढ्यात त्याच्या कमरेत कळ आली. दात खाऊन त्यानं पुन्हा हात वर उचलला.

“दानव्वा, हायस का गं?”

दारात तिप्पण्णामामा उभे होते. उभे कसले, काटकोनात वाकलेले. शेजारचेच, साठीचे हमाल. “पोतं उचलताना उसण भरली बग. हालता येईना.” त्यांनी तिच्या कानाचं रक्त पाहिलं, रेवणसिद्धाच्या मुठीतला पट्टा पाहिला आणि मुकाट्यानं उंबऱ्यावर पालथे पडले. बोळाची रीतच होती ती, दुसऱ्याच्या घरातलं बघायचं नाही. दानम्माला त्यांचाही राग आला. तरी ती उठली, पदरानं कान दाबला.

“कुटं दुकतंय, मामा?”

“हितं. व्हय, हितंच.”

एक, दोन, तीन. मामा कण्हत उठले, कंबर मागं वाकवून पाहिली आणि हसले. “ग्यालं की!” चौकटीवर सुपारी ठेवून ते ताठ चालत निघून गेले.

रेवणसिद्ध ते बघत राहिला. मिरज दोनदा झाली, दोन्ही खुब्यांची हाडं गेली, आणि हा म्हातारा तीन लाथांत ताठ! त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. भिंतीला धरत तो दारापर्यंत आला, गुडघ्यांवर बसला आणि उंबऱ्यावर पालथा पडला.

“मलाबी घाल.”

“ब्याड, ब्याड!” नागव्वा कानडीत ओरडली. “नगं रं! बायकूचा पाय घेतूस व्हय पाटीवर?”

“तू गप, अव्वा. दाने, घाल म्हन्तो न्हवं? जोरानं घाल. न्हायतर उटून तुझं ते पोट...”

पुढचं बोलायची गरजच नव्हती.

दानम्मा त्याच्याजवळ उभी राहिली. सदरा वर सरकला होता. मणक्यावरून वितीएवढा व्रण, दोन्ही खुब्यांवर एकेक. रीतीप्रमाणं तिनं विचारलं, “कुटं दुकतंय?”

“ठावं न्हाय का तुला, रांडे? हितं!” डाव्या हातानं त्यानं व्रणावर बोट ठेवलं. उजवा हात पुढं, दगडी पायरीवर, मुठीला पट्टा तसाच.

तिनं डावा पाय त्या व्रणावर टेकवला. खालचं मांस थरथरत होतं. डॉक्टरांचे शब्द तिला जसेच्या तसे आठवले. एक टाच हाणली की दोन्ही पाय जाणार. कोण काय म्हणेल? त्यानंच मागून घेतली. तिच्या टाचेत जोर आला, आणि खोटं कशाला सांगा, तिला लई गोड वाटलं.

मग तिची नजर पुढं गेली. पाय जातील, पण हात राहील. हा जन्मभर खाटेवर पडून राहील, ती जन्मभर त्याचं हगणंमुतणं काढायला वाकेल, आणि प्रत्येक वाकण्याला हा हात तिथंच असेल. पाठीचं दुखणं त्याचं होतं. तिचं दुखणं त्या पायरीवर पडलं होतं.

तिनं पाय व्रणावरून उचलला. दोन पावलं पुढं झाली आणि सगळं अंग तोलून टाच त्याच्या मुठीवर हाणली. दगडावर हाडं मोडल्याचा आवाज नागव्वालाही ऐकू गेला. रेवणसिद्ध असा ओरडला की समोरच्या घरातल्या बाया बाहेर आल्या. बोटं भलतीकडं वळली होती, पट्टा सुटून पायरीवर पडला होता. दानम्मानं तो उचलला आणि चुलीत घातला. चामडं करपल्याचा वास घरभर झाला.

उंबऱ्यावरून सरकून तो बराच वेळ भिंतीला टेकून नुसता कण्हत होता. मग हात छातीशी धरून आश्चर्यानं म्हणाला, “दाने... पाट दुकायची थांबली की गं.”

दानम्मा दोन लुगडी गाठोड्यात बांधत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“खरंच थांबली. आजून दोन राहिल्या. तीन घालायच्या असत्यात न्हवं?”

“राहू द्या. वळसंगला चाललीया मी, बाळंत होऊन येती. डागदर म्हनलं हुतं, त्या पाटीत दनका बसला तर तुमचं दोन्ही पाय जात्याल. माझ्यावर न्हायतर त्या लेकरावर हात उचललासा, तर त्या दिवशी दोन्ही घालीन. आन त्या पाटीतच घालीन.”

दार अडवून नागव्वा उभी होती. दानम्माला वाटलं, आता ही केस धरणार. गाठोडं पोटाशी घट्ट आवळून ती तशीच पुढं झाली. म्हातारीनं एकदा लेकाकडं पाहिलं, एकदा सुनेच्या पोटाकडं. कमरेची चंची सोडली, एक सुपारी काढली आणि सुनेच्या ओटीत टाकली. मग बाजूला होऊन तिनं दार मोकळं केलं.