वेनराइटचा पाळणा

मित्रांनो, मी जुना पाळणा आहे. जुना म्हटलं की तुम्हांला वाटेल, हा आता अंगाई गाणार. आज मी गाणार नाही. आज मी रागावलो आहे.

लांज्याजवळच्या एका वाडीत बाळाजी सुतारांनी मला घडवलं. ते बैलगाड्या करायचे. सुनेला दिवस गेले तेव्हा त्यांनी शिवणीच्या लाकडाची फळी बाजूला काढली आणि गाडीचं काम थांबवून मला आकार दिला. ती सून, गोदाबाई, मला झोका देत म्हणायची,

तुंब्याला आस गं, आसाला चाक,
झोपेत बाळाच्या गाडीची हाक.

तुंबा म्हणजे चाकाचा मधला गड्डा, आस म्हणजे कणा; सासऱ्याचीच भाषा ती. तिचा मयुरेश माझ्यात झोपला, मग मृणाली. वाडीत कुणाचंही बारसं असो, मला उचलून न्यायचे. पुढे मी माळ्यावर गेलो. तिथे कोंबडीनं माझ्यात अंडी घातली. तिचा मला राग नाही. राग आहे तो मयुरेशचा.

त्याला बहारीनमध्ये मुलगा झाला. गोदाबाईनं माझे खांब सुटे केले, गोधडीत गुंडाळले आणि विमानानं आणले. तिथल्या झिंज भागातल्या फ्लॅटच्या दारावर पाटी होती, नुसती 'मयुरेश'.

"नि सुतार कुठं टाकलास रे बाबा?" गोदाबाईनं विचारलं.

"आई, इथं पहिलंच नाव चालतं."

लबाड! मला बघून तर त्याचं तोंडच पडलं. "हे कशाला आणलंस? बारशाला ऑफिसची माणसं येणार आहेत." झालं! घरात विजेचा झुलणारा पाळणा, आणि मी गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे.

पण बारशाला बाळ पाळण्याखालून द्यावं लागतं, वरून घ्यावं लागतं. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत बायका खाली वाकल्या, तर विजेच्या पाळण्याखाली हात शिरेना. तेव्हा मला आत आणलं. तेही लाकूड दिसू नये म्हणून वर साटीनची चादर टाकून!

नाव मयुरेशनं आधीच ठरवलं होतं, वेनराइट. शेजारच्या शरीफुन्निसाचाचींनी विचारलं, "मतलब क्या है बेटा?"

"अंग्रेज़ सरदारों का नाम है, चाची," मयुरेश छाती फुगवून म्हणाला.

मृणाली बाळाची आत्या. तीही बहारीनमध्येच, राजधानी मनामात नोकरी करते. कानात नाव सांगायचा मान तिचा. "अर्थ कळल्याशिवाय मी सांगायची नाही हं, दादा," म्हणत तिनं फोन काढला. वाचलं, आणि खो खो हसत सुटली. "अरे, वेन म्हणजे गाडी, राइट म्हणजे कारागीर. गाड्या घडवणारा सुतार! आपलंच आडनाव शोधून काढलंस की रे!"

मयुरेशनं फोन ओढून घेतला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. "खलास. दुसरं नाव बघा. माणसं यायच्या आत."

मित्रांनो, माझा सांधा न् सांधा करकरला. सरदाराचं वाटलं तोवर गोड, सुताराचं निघालं की कडू? अरे, ज्या हातांनी तुझा पाळणा घडवला, ते हात कुणाचे होते?

तेवढ्यात बाळाची आई, रंजिता, उठली. तिनं साटीनची चादर ओढून फेकली. "नाव हेच राहील. आणि पूर्ण घ्यायचं. घ्या हो ताई."

मृणाली वाकली. "कुर्रर्र! वेनराइट मयुरेश सुतार!" एवढ्या मोठ्यानं, की दारात बूट काढणारी ऑफिसची माणसं थबकली. बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घातले.

"सुतार? व्हॉट इज दॅट?" दारातून उबेदनं विचारलं. तो मयुरेशचा साहेब.

सगळ्यांनी मयुरेशकडे पाहिलं. त्यानं माझ्या दांड्यावर हात ठेवला. "माय फॅमिली नेम. आजोबा गाड्या बनवायचे. हा पाळणाही त्यांनीच केलाय." इंग्रजी सुटून तो मराठीत कधी शिरला, त्यालाही कळलं नाही. आवाज बारीक होता, पण एकही शब्द त्यानं गिळला नाही.

मित्रांनो, जुन्या लाकडाला तेल लावा, नाहीतर लावू नका. पण ज्यानं ते घडवलं त्याचं नाव दारावरून पुसू नका. माझा राग अजून गेलेला नाही. पाटी बदलेल तेव्हा बघू. आत्ता बाळाचा डोळा लागलाय, म्हणून करकरत नाही, एवढंच.