साहेबाचं जेवण

आमच्या गल्लीत केरबाचं रेशन दुकान हुतं, तवाचे दिवस लई बेस हुते. धान्य आलं की पायरीवर आम्हा बायकांच्या पिशव्या रांगेला लागायच्या, उडू नयेत म्हणून वर एकेक दगड. आम्ही बाजूच्या कट्ट्यावर बसून अख्ख्या गावाची उणीदुणी काढायचो. धोंडुबाईची पिशवी कायम माझ्यापुढं. एकटी बाई, ना मूल ना बाळ, पण त्या तांदळावर तिचा महिना निवांत जायचा.

केरबा वारला आन दुकान चालवायला कुणी पुढं आलं न्हाय. आमची कार्डं लांबच्या नेसरी गावातल्या दुकानाला जोडली. धोंडुबाईचे गुडघे कामातनं गेलेत, आन मशीनवर अंगठा तर तिचाच लागतो. तिचं धान्य बंदच पडलं.

औंदा आम्ही गावात दुकान मागितलं, तवा पुरवठा खात्याचा साहेब बघायला आला. गावाला खरंच गरज हाय का, ते तो वर कळवणार हुता. आता भर दुपारी दारात आलेलं पावणं उपाशी कोण धाडतंय? सरपंचाकडं कोंबडं कापलं. तांबडा-पांढरा रस्सा, वर तूप घातलेला भात. धोंडुबाईनं तर डब्यातला शेवटचा तांदूळ माझ्यादेखत पाखडून तिकडं दिला. "अगं, आन तुला?" मी म्हटलं. तर म्हणती कशी, "गावाची अब्रू हाय की."

जेवून झाल्यावर साहेबानं तिथंच बसलेल्या धोंडुबाईलाच विचारलं, "आजी, धान्य कमी पडतं का हो तुम्हाला?"

धोंडुबाईनं पदर सावरला. "मला काय कमी हाय, साहेब? अजून थोडा भात घ्या की."

असा संताप आला मला! "खोटं बोलतीया ती," मी साहेबाच्या तोंडावर सांगितलं. पण सगळी हसली, त्यालाबी चेष्टाच वाटली. गाव खाऊनपिऊन सुखी हाय असं त्यानं कळवलं. दुकान काय मिळालं न्हाय.

परवा मी ताट झाकून तिच्याकडं नेलं. चूल गार पडलेली दिसत हुती, तरी म्हणाली, "जेवले की मी आत्ताच."

"मला शिकवू नगंस. गुमान खा."

तिनं ताटाला हात लावला न्हाय. "दुकानात तूबी रांगेत असायचीस गं, माझ्यामागं. दोघीबी घेत हुतो. आता तू देणार आन मी घेणार, व्हय?"

मला रडूच आलं. ती भिंतीला धरून उठली आन ताट तसंच झाकलेलं माझ्या हातात दिलं.