विहिरीतल्या सरपंचासाठी दिवा

पुंजाराममामांनी यंदा विहिरीतला गाळ काढायचाच, असं ठरवलं होतं. दिंडोरीजवळच्या त्यांच्या द्राक्षबागेची खरड छाटणी उरकली होती, विहिरीत जेमतेम दोन पुरुष पाणी उरलं होतं आणि गाळ वर ओढणारी क्रेन, म्हणजे यारी, चालवणारा बहिरू कधी नव्हे तो मोकळा सापडला होता. मोडता घातला तो सुलामामींनी.

"आधी माझा सरपंच बाहेर काढा," त्या म्हणाल्या. "मग खुशाल यारी लावा."

सरपंच म्हणजे कासव. मामी नव्यानं सासरी आल्या तेव्हा एका पावसाळ्यात तळहाताएवढं पिल्लू त्यांना रस्त्यावर सापडलं होतं. जीपखाली येईल म्हणून त्यांनी ते पदरात घेतलं आणि विहिरीत सोडलं. रोज काठावरून भाकरीचा तुकडा टाकायच्या. तुकडा पडला की कासव हजर. एरवी हाका मारून घसा सुकला तरी पत्ता नाही. म्हणून त्याचं नाव त्यांनी सरपंच ठेवलं. त्या काळात गावचे खरे सरपंच पुंजाराममामाच होते, त्यामुळे हे नाव त्यांच्या फार मनाला लागलं होतं.

"दोन वर्षं झाली, कुणाला दिसला नाय तो," मामा म्हणाले. "मेला असंल."

"मेला असता तर वर तरंगला असता. गाळाशी जाऊन बसलाय. पाणी उपसलं की अजून आत घुसंल, आणि वरून गडी पहार मारतील. पाप कुणाच्या माथी?"

मामींनी बहिरूलाही दम भरला. बहिरू म्हणाला, "मामी, मी थांबतो, पण लय दिवस नाय थांबणार. पलीकडच्या गावात दोन विहिरी वाट बघत्यात."

तेव्हा मामांनी नाशकाला भाचीला फोन लावला.

योगिनी नाशिकरोडला पोहायला शिकवते. तिच्या वर्गात जास्त करून चाळिशीच्या पुढच्या बायका. पाण्याखाली आपले पाय कसे हलतात हे त्यांना कितीही सांगितलं तरी पटत नाही, म्हणून तिनं पाण्यात चालणारा एक छोटा कॅमेरा घेतला होता. मामांना तो माहीत होता.

"तू ये, विहिरीत बघ, आणि तुझ्या मामीला सांग की खाली काय नाय," मामा म्हणाले.

"आणि असलं तर?"

"नाय म्हणतो ना मी!"

रविवारी योगिनी आणि तिचा नवरा दीपक मोटारसायकलवरून पोचले. दीपक ओझरच्या कारखान्यात कामाला आहे. त्याला स्वतःला पोहता येत नाही, म्हणून योगिनीच्या कमरेला बांधलेला दोर धरायचं काम त्याच्याकडे. मामांनी विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीचं बटण बंद केलं, वर फ्यूज काढून खिशात घातले. योगिनीनं चष्मा चढवला, श्वास भरला आणि बुडी मारली.

पाच-सहा बुड्या झाल्यावर ती वर आली, कॅमेऱ्यातला व्हिडिओ मोबाईलवर घेतला आणि सगळे पडद्यावर वाकले. वरचं हातभर पाणी हिरवं दिसत होतं. त्याच्या खाली नुसता काळोख.

"मुगाचं वरण दिसतंय," दीपक म्हणाला.

"बघ, काय नाय," मामा म्हणाले.

"दिसलं नाही म्हणजे नाही असं कसं? पोहायच्या तलावात वरून ऊन येतं हो मामा, तिथं दिवा लागत नाही. इथं लागेल," योगिनी म्हणाली.

दीपकनं तिथल्या तिथे उपाय काढला. घरातली टॉर्च प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबर बँड गुंडाळले आणि दोरीनं पाण्यात सोडली. वर ओढली तेव्हा पिशवी पाणीपुरीसारखी टम्म भरली होती आणि टॉर्च कायमची गेली होती. मामींनी एवढंच विचारलं, "ही आपली चांगली टॉर्च होती ना?"

दुसऱ्या दिवशी योगिनी महात्मा गांधी रोडवरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेली. सोबतीला मैत्रीण राखी होती. राखी लग्नांचं शूटिंग करते. दिव्यांतलं तिला कळतं, पण पाण्याखालचं लग्न तिनंही अजून केलं नव्हतं.

दुकानदारानं आधी काचेच्या कपाटातला दिवा काढला. समुद्रात डुबकी मारणारे वापरतात तसला, जाडजूड, शंभर मीटर खोल चालणारा. किंमत ऐकून योगिनीनं तो हळूच परत ठेवला.

"आमची विहीर आहे, अरबी समुद्र नाही," राखी म्हणाली. "परवडणारं दाखवा."

मग त्यानं एक चकचकीत खोकं पुढे केलं. त्यावर प्रकाशाचा आकडा एवढा मोठा छापला होता की शून्यं मोजताना बोट अडखळावं. आणि किंमत अगदीच थोडी. योगिनीचा चेहरा खुलला, पण राखीनं दिवा उचलून त्याचा झोत दुकानातल्या कोपऱ्यात भिंतीवर मारला. मधोमध वाटीएवढा पांढराधोप ठिपका, भोवती अंधार.

"हा रस्ता शोधायला बरा," ती म्हणाली. "व्हिडिओत मधे जळका डाग दिसेल आणि बाकी काहीच नाही. आपल्याला झोत नको, पसरलेला उजेड हवा. आणि खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नकोस. असल्या आकड्यांना कुणी जाब विचारत नाही."

तिसरा दिवा मुठीत मावेल एवढा होता. काचेपुढे दुधी झाकण, उजेड भिंतभर सारखा पसरणारा. योगिनीनं विचारलं, "पूर्ण उजेडावर किती वेळ चालतो?" दुकानदार म्हणाला, "तासभर." राखीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "पाऊण तास धरा," तो म्हणाला. ओल्या बोटांनी दाबता येईल असं मोठं बटण होतं. चार्जिंगच्या तोंडावर आट्यांचं झाकण, त्यात जाड रबरी कडं आणि खोक्यात आणखी एक जादा कडं. तीस मीटरपर्यंत पाणी आत जाणार नाही, असं लिहिलेलं होतं. विहिरीला ते पुरून उरणार होतं.

"पाणी गेलं तर?" योगिनीनं विचारलं.

"आठवड्यात परत आणा."

"लिहून द्या," राखी म्हणाली. त्यानं बिलावर लिहून दिलं.

घरी आल्यावर योगिनीनं रबरी कड्यावरचं बारीकसं कुसळ पुसलं, झाकण घट्ट आवळलं आणि दिवा पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवून वर पाटा ठेवला. दुपारी काढून झाकण उघडलं. आत कोरडं ठणठणीत. दीपकनं दोनदा बोट घालून खात्री केली. टॉर्चचं दुःख अजून ताजं होतं.

पुढच्या खेपेला मामांच्या विहिरीवर शेजारपाजारचे चार लोक जमले होते. बहिरूही यारीची तार सोडून आला होता. योगिनीनं दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावरच बसवला आणि बुडी मारली. या वेळी खाली लख्ख उजेड पडला. पण वर येऊन पडद्यावर पाहिलं तर सगळीकडे पांढरे ठिपके भिरभिरत होते, बाकी काही दिसेना.

"विहिरीत धुकं पडलंय," मामा खुशीत म्हणाले. "गेले पैसे."

योगिनी वैतागून पायरीवर बसली. ओल्या हातानंच तिनं राखीला फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं.

"अगं, गाळाचे कण चमकतायत," राखी हसत म्हणाली. "लग्नात स्टेजवर धूर सोडतात ना, तेव्हा कॅमेऱ्यावरचा दिवा लावला की असंच पांढरं होतं. उजेड लांबून, बाजूनं पाड. आणि थोडा कमी कर."

लांबून म्हणजे कसा? योगिनीनं इकडेतिकडे पाहिलं. बागेच्या कडेला बांबूंचा ढीग होता. बहिरूनं त्यातला एक हलका बांबू निवडला आणि दिवा टोकाला तारेनं पक्का बांधला. आता बांबू एका हातात आणि कॅमेरा दुसऱ्या. योगिनीनं उजेड अर्ध्यावर आणला, दीपकला दोर सैल ठेवायला सांगितलं आणि विहिरीच्या भिंतीलगत खाली गेली.

पहिल्या बुडीत तिला दगडांच्या सांधी दिसल्या. दुसऱ्या बुडीत एक बुडालेली बादली. तिसऱ्या बुडीत, उत्तरेच्या बाजूला, एक दगड निखळून झालेली खोल कपार दिसली. तिच्या तोंडाशी काहीतरी गोल होतं. श्वास संपत आला होता. तिनं कॅमेरा तसाच पुढे धरला, मनात चार आकडे मोजले आणि पाय मारून वर आली.

"काय दिसलं का?" मामी वाकून विचारत होत्या. दीपकनं त्यांचा दंड धरून ठेवला होता.

योगिनीला दम लागला होता. तिनं बोलायच्या ऐवजी व्हिडिओ लावला. हिरव्या पाण्यात एका बाजूनं पडलेला पिवळसर उजेड, दगडावरचं शेवाळ, मग कपार. कपारीत तपकिरी गोल.

"हा दगड हाय," मामा म्हणाले.

"थांबा हो जरा," मामी म्हणाल्या.

सगळे थांबले. पडद्यावरच्या दगडाला हळूच मान फुटली. मान लांब झाली, दोन डोळे उजेडाकडे वळले आणि नाकातून एक बुडबुडा सुटला.

विहिरीवर असा काही कल्ला झाला की बागेतले पक्षी उडाले. बहिरूनं टोपी वर फेकली. मामी हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. "मेला काय म्हणे! तुमच्यापेक्षा ठणठणीत हाय!" मामांनी मोबाईल हातात घेतला, व्हिडिओ पुन्हा पाहिला, मग पुन्हा. "लय मोठा झालाय की गं," ते म्हणाले. आवाजातली कुरकुर पार गेली होती. खिशातले फ्यूज मुठीत घोळवत ते बराच वेळ कपारीच्या बाजूला पाण्याकडे बघत राहिले.

योगिनीनं वनविभागाला फोन केला. हिरामण नावाचे वनरक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांनी व्हिडिओ नीट पाहिला, कुठल्या बाजूला किती खोल ते विचारलं आणि पाणी कपारीच्या जरा खालपर्यंतच उपसायला लावलं. मग शिडीवर उतरून त्यांनी झोळीच्या जाळीत सरपंचाला अलगद उचललं. सरपंचानं निषेध म्हणून त्यांच्या बुटावर मुतून ठेवलं.

"विहिरीत यांचं काही खरं नसतं," हिरामण म्हणाले. "ऊन नाही, वाळू नाही, सोबत नाही. धरणाच्या मागच्या पाण्यात सोडू."

मामींनी सरपंचाच्या पाठीवरचा गाळ बोटानं पुसला. मग म्हणाल्या, "मी येते सोबत."

संध्याकाळी उन्हं कलताना सगळे धरणाच्या काठाला गेले. मामींनी जाळी स्वतः उघडली. कासव चिखलात क्षणभर थांबलं, मग चार पायांनी जोर लावून पाण्यात शिरलं आणि दिसेनासं झालं. विहिरीवर बहिरूची यारी तेव्हा धडधडत असणार, पण इथे फार शांत होतं.

मामी साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या राहिल्या. "योगे, एवढी वर्षं काठावरून वाकून बघितलं," त्या म्हणाल्या, "पण पाण्याच्या आत कसं असतं ते मला काल पडद्यावर कळलं. प्रत्यक्षात असंच दिसतं का गं?"

"बघायचंय?"

"चल, ह्या वयात!"

पण त्यांनी हात पुढे केला होता. योगिनीनं आपला पोहण्याचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला, पट्टा अंबाड्यावरून नीट बसवला आणि दिवा बाजूनं पाण्यात धरला. मामांनी पुढे येऊन बायकोचा हात घट्ट पकडला. मामींनी देवाचं नाव घेतलं, नाक दाबलं आणि तोंड पाण्यात घातलं.

काही क्षणांनी त्या वर आल्या. चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं.

"अहो, मासे! इवले इवले, उजेडाकडं आले!" त्या ओरडल्या. "तुम्ही बघा, तुम्ही बघा!"

मामा चष्म्यासाठी हात पुढे करू लागले, तर मामींनी तो काढलाच नाही. "थांबा जरा," म्हणत त्यांनी पुन्हा नाक दाबलं.