रिव्हर्स नसलेली गाडी

टपालमावशीला टपाल वाटणं सोडून सात वर्षं झाली होती, तरी तिला दुसरं नाव काही चिकटलं नव्हतं. चौतीस वर्षं खांद्याला पिशवी अडकवून तिने डोंगरावरच्या घरांना पत्रं पोचवली. निवृत्त झाल्यावर डोंगर सुटू नये म्हणून तिने वरच्या चिंचोळ्या पट्टीवर मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्या. दोनाच्या बावीस झाल्या. डोंगर सुटला नाही, पण गुडघ्यांनी दगा दिला. मागच्या आठवड्यात ती वरून अक्षरशः बसत बसत, सरकत सरकत खाली येत होती. अर्ध्या वाटेत मुलाला सापडली तेव्हा तिच्या साडीचा मागचा भाग पार फाटला होता.

मुलगा विमा कचेरीत होता, त्यामुळे त्याला जिथे तिथे अपघातच दिसायचा. तिसऱ्या दिवशी तो चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "आई, रविवारी बारा वाजता पेट्या बघायला माणूस येतोय. सगळ्या एकदम घेईल."

"मी विकायला काढल्यात हे मला कुणी सांगितलं नाही."

"आता मी सांगतोय ना. जाणार कशी आहेस वर? उडत?"

"गाडी घेईन. ती जाड चाकांची असते ना, मोटरसायकलसारखं हँडल असलेली. एटीव्ही."

मुलगा हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "तुझ्या मधाच्या पैशांत गाडी नाही, गाडीचं चाक येईल."

"चाक तर चाक. बाकीची गाडी मागाहून लावून घेईन."

शेवटी तोच वैतागला. "बरं, माझं एक ऐक. रविवारी तो माणूस यायच्या आत तू एकटी वर जा आणि पेटीतली मधाच्या पोळ्याची एक चौकट घेऊन खाली ये. कुणी ढकलायचं नाही, कुणी ओढायचं नाही. जमलं तर मी पेट्यांचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर त्या जातील."

"हे आत्यासमोर म्हण."

आत्या, म्हणजे मावशीची धाकटी नणंद, खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसली होती. तिने पान उलटलं. "ऐकलं मी. दोघांनीही आता शब्द फिरवायचा नाही."

नणंद एकोणतीस वर्षं बसच्या डेपोत सुट्या भागांच्या खिडकीवर होती. कुठला भाग किती वेळा बदलून मागायला येतो, यावरून ती गाडीची जात सांगायची. तेव्हा शुक्रवारी जुन्या गाड्यांच्या आवारात दोघीच गेल्या. फोनवर दहाची वेळ ठरली होती. नणंदेने नऊलाच नेऊन उभं केलं.

"वन्सं, इतक्या लवकर कशाला?"

"पाहुणे येणार म्हटलं की घर आवरतात, वहिनी. मला न आवरलेलं बघायचंय."

व्यापाऱ्याचा चष्मा कपाळावर होता आणि तो तोच चष्मा टेबलावर शोधत होता. दोघींना बघून त्याने ताबडतोब एका लालभडक गाडीवरचं कापड ओढलं. चाकंसुद्धा काळी कुळकुळीत चोळलेली. "ही बघा मावशी. एका डॉक्टरांची होती. नुसती उभी असायची. आजही अजून सुरू केलेली नाही, तुमच्या हातानेच करा."

नणंदेने इंजिनावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. "उभी असायची म्हणता, मग पोटात ताप कसला?"

व्यापारी म्हणाला, ऊन आहे. नणंदेने छपराकडे बघितलं. मग तिने कोपऱ्यातला एक पुठ्ठा ओढला, जमिनीवर पसरला आणि बासष्टाव्या वर्षी त्यावर आडवी होऊन गाडीखाली डोकं घातलं. आतून तिचा आवाज आला, "वहिनी, डॉक्टरांनी हिला टाकेसुद्धा घातलेत. सांगाडा जोडलाय आणि वरून रंग मारलाय."

दुसरी गाडी चांगली होती. इतकी चांगली, की किंमत ऐकून दोघींनी एकमेकींकडे बघितलंच नाही.

"एवढेच आहेत," मावशी मधाच्या पैशांचा डबा टेबलावर ठेवत म्हणाली. "घासाघीस करायला माझ्याकडे वर काही नाही, आणि कमी घ्या असंही मी म्हणणार नाही. यात काय बसतं ते दाखवा."

व्यापाऱ्याने चष्मा एकदाचा डोळ्यांवर घेतला, बहुधा त्यांना नीट बघायला. मग तो दोघींना शेडच्या मागे घेऊन गेला. तिथे एक हिरवी गाडी उभी होती. हिरवी होती असं म्हणायचं, इतकंच. सीटला चिकटपट्ट्या, पुढचा दिवा एकच. नणंदेने इंजिनाला हात लावला. गारढोण. बटण दाबल्यावर तिसऱ्यांदा ती सुरू झाली आणि एका लयीत बोलत राहिली. मावशीने डोळे मिटून ऐकलं. झाकण बंद असलेल्या पेटीला कान लावून आत माश्यांचं बरं चाललंय की नाही हे तिला कळायचं. हिचं बरं चाललं होतं.

नणंदेने पुढची चाकं धरून हलवली, ब्रेक दाबले, तेलाची काडी काढून बोटाने चोळून बघितली. तिचा चेहरा उजळला. "मग ही इथे मागे का?"

"खोटं बोलत नाही," व्यापारी म्हणाला. "रिव्हर्स पडत नाही. ते खोलून करायचं तर गाडीएवढाच खर्च. म्हणून कुणी नेत नाही."

नणंदेने लगेच हात झटकले. "चला वहिनी."

"का?"

"का म्हणजे? वर जागा केवढी? एकीकडे कडा, दुसरीकडे पेट्या. वळवणार कशी? ही काय सायकल आहे उचलून फिरवायला? दोन-तीन माणसं लागतील. वर गेलात की तिथेच अडकलात."

मावशी सीटवरच्या चिकटपट्टीवरून बोट फिरवत होती. "हीच घेते."

"वहिनी, हट्टाला काही सीमा?"

"हट्ट माझा, डबा माझा."

गाडी नणंदेनेच घरी आणली, तोंड फुगवून. शनिवारी मात्र दारात येऊन उभी राहिली, हातात स्वतःचं जुनं हेल्मेट. "चढावर पुढे झुकायचं. उतारावर मागे बसायचं. गियर खालचाच ठेवायचा. आणि मला तुमच्याशी बोलायचं नाहीये, हे लक्षात असू द्या." दिवसभर तिने अंगणात शिकवलं. संध्याकाळी भाच्याला सगळं सांगितलंही, रिव्हर्सचंसुद्धा. अंगणातून दोराचं भेंडोळं काढून त्याने दाराशी ठेवलं.

मावशीने दोर पाहिला आणि कोयत्याला धार लावायला बसली.

एक गोष्ट त्या दोघांच्या ध्यानात नव्हती. त्यांच्या लेखी डोंगर म्हणजे समोरची वाट. त्याच वाटेने चढायचं, त्याच वाटेने उतरायचं. पण टपाल घेऊन मावशी कधी गेल्या वाटेने परतली नव्हती. पट्टीच्या टोकाला मोठा खडक होता. त्याच्या मागून वाट पलीकडे उतरायची, ओढ्याच्या कडेने सात घरांवरून जायची आणि वळसा घालून गावाच्या मागच्या बाजूला निघायची. हातगाडी जाईल एवढी रुंद, कारण त्या घरांचं सामान हातगाडीवरूनच यायचं. घरं एकेक करून ओस पडली. शेवटच्या घरात एक सुतार होता, एकटाच. त्याला कुणी पत्र लिहायचं नाही, म्हणून त्याने बियाण्यांचं साप्ताहिक लावलं होतं. बाग नव्हती त्याची. मावशीने दर आठवड्याला यावं, दोन शब्द बोलावेत, एवढ्यासाठी. तो गेला त्या दिवशी त्याचं फाटक तिनेच तारेने बांधलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर ती वाट कुणी चालल्याचं ऐकिवात नव्हतं. ती आता आहे की नाही, हे मावशीलाही सांगता आलं नसतं.

रविवारी आठ वाजता ती निघाली. पुढे झुकून, खालच्या गियरमध्ये, हिरवी गाडी गुरगुरत चढली. पट्टीवर पोचल्यावर मावशीने जाळीची टोपी घातली, तिसऱ्या पेटीतली भरलेली चौकट काढून एका लांबट डब्यात ठेवली आणि मागच्या रॅकला घट्ट बांधली. मग खडकापाशी गेली.

वाट होती. काटेरी झुडपांनी तोंड बुजवलं होतं, पण पायाखालचे दगड जागेवर होते. तिने खाली उतरून कोयता चालवला. गुडघा ओरडत होता. "ओरड," ती त्याला म्हणाली, "आज तुझं कोण ऐकतंय." एका जागी आडवं पडलेलं झाड आलं. ते कापणं तिच्या हाताबाहेरचं होतं. फांद्या तोडून, गाडी शेजारच्या ओस घराच्या अंगणाच्या मोडक्या कुंपणातून घालून तिने वळसा घेतला. माफी मागावी असं आता त्या अंगणात कुणी नव्हतं, तरी तिने मागितली.

वाटेवरच आडवं असलेलं सुताराचं फाटक बंद होतं. तारेला दिलेला पीळ डावा, म्हणजे तिचाच. तिने तो उलगडायला घेतला, तर गंजलेली तार हातातच तुटली.

खाली पावणेबारा वाजले होते. घरासमोर मुलगा डोंगराच्या वाटेकडे डोळे लावून उभा होता, खांद्यावर दोर. शेजारी गिऱ्हाईक, वही घेऊन. नणंद पायरीवर बसली होती. इंजिनाचा आवाज येत होता, पण तो डोंगरावर आपटून येत असल्याने तिघंही वरच बघत होती.

"अडकली," मुलगा म्हणाला. "नुसता आवाज येतोय. मी जातो वर."

मागून हॉर्न वाजला.

तिघं वळली. मागच्या गल्लीतून हिरवी गाडी येत होती, तोंड त्यांच्याकडे करून. मावशीच्या हाताला ओरखडे होते, हेल्मेटमध्ये पानं अडकली होती.

"तू... कुठून आलीस?"

"टपाल वाटून आले." तिने डबा सोडला आणि झाकण उघडून चौकट गिऱ्हाईकापुढे धरली. "बघून घ्या. विकायच्या नाहीत, पण एवढ्या लांबून आलात, तर चाखून जा."

गिऱ्हाईकाने बोट लावलं, चाखलं आणि वही खिशात घातली. मुलगा कधी आईकडे, कधी गल्लीकडे बघत होता.

"सात घरांची वाट," नणंद सावकाश म्हणाली. "आमच्या दादाने सांगितली होती मला कधीतरी. वहिनी, मला शुक्रवारी सांगितलं असतंत तर?"

"तुम्ही गाडी तपासायला आला होतात, वन्सं. वाट मलाच तपासायची होती." मग ती मुलाकडे वळली. "तुझा शब्द?"

"दिला ना," तो म्हणाला. खांद्यावरून दोर उतरवत त्याने तो कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"ठेवू नकोस," मावशी म्हणाली. "सुताराच्या फाटकाची तार तुटली माझ्या हातून. आणलाच आहेस, तर चल, ते बांधून ये. आता त्या वाटेने माझं रोजचं जाणं होणार."